टेपखालचं बोट

आमच्या दवाखान्यात दोन खोल्या आणि एक व्हरांडा. व्हरांड्यात माझी खिडकी. केसपेपर काढायचा, वय-पत्ता लिहायचा आणि माणसाला डाव्या हाताच्या खोलीत पाठवायचं, एवढंच माझं काम. त्या खोलीत ताई असायच्या. वजन, उंची, ताप, नाडी, रक्तदाब, साखर, जे मोजायचं ते तिथं मोजून मगच माणूस डॉक्टरांपुढे जायचा. त्यांच्या आणि माझ्या मध्ये एक लाकडी फळी होती. तिला वरून वीतभर फट होती, त्यामुळे त्यांचं बोलणं मला आणि माझं खोकणं त्यांना रोज ऐकू यायचं. बाकीचं जे मी सांगणार आहे, ते त्यांनी मला पुढे दोन वर्षांत तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. सलग असं कधीच नाही.

ताई मूळच्या शिंपी. तीस वर्षं नवरा कापायचा आणि त्या शिवायच्या. शाळेचे गणवेश, झगे, शर्ट, कुणाच्या लग्नाचे कपडे. पुढे समोरच तयार कपड्यांचं मोठं दुकान झालं, गिऱ्हाईक रोडावलं, आणि एका सकाळी नवरा उठलाच नाही. दुकान बंद झालं. मुलगी लग्न होऊन सासरी. ताई एक्कावन्न वर्षांच्या. कुणीतरी सहा महिन्यांच्या मदतनीसाच्या शिक्षणाबद्दल सांगितलं, आणि त्या विशीतल्या पोरींच्या वर्गात जाऊन बसल्या. पोरी आधी त्यांना ‘आजी’ म्हणून हसायच्या. परीक्षा जवळ आली तशा त्यांच्याच वह्या मागायला लागल्या.

आमच्याकडे त्या आल्या तेव्हा त्यांच्यावर देखरेख मोठ्या सिस्टरांची. सिस्टर ठेंगण्या, आवाज अगदी हळू, पण त्या हळू आवाजाला डॉक्टरसुद्धा वचकून असायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी ताईंना समोर बसवून सांगितलं की इथं अंदाजपंचे काही चालत नाही. माणूस आला की आधी पाच मिनिटं शांत बसवायचा, मग रक्तदाब. हात टेकलेला हवा, पट्टा दंडाच्या मापाचा हवा, आणि मोजताना गप्पा नकोत. काटा शून्यावर आहे का, हे दर माणसाआधी बघायचं. आकडा विचित्र आला तर पुन्हा घ्यायचा, पुन्हा तसाच आला तर मला हाक मारायची. चांगला की वाईट हे आपण सांगायचं नाही, तोंडावरही दाखवायचं नाही. चुकीचं लिहिलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं आणि सही करायची. आणि घरचं माणूस आलं तर आपण हात लावायचा नाही, मला बोलवायचं.

ताईंना हे सगळं पटकन जमलं, एक सोडून. लहान बाळांच्या डोक्याचा घेर मोजताना त्यांची टेप हमखास सैल पडायची. तीस वर्षांची सवय. शिंप्याचा हात एक बोट जागा सोडतोच, नाहीतर जेवल्यावर गिऱ्हाइकाचं बटण कसं लागणार? सिस्टरांनी पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातावर हात ठेवून टेप हलकेच आवळली आणि म्हणाल्या, “ताई, आपण त्याला टोपी शिवत नाही.” फळीपलीकडे मी मोठ्यानं हसलो. ताई पण हसल्या. महिन्याभरात त्यांचा हात असा बसला, की तीनदा मोजलं तरी तिन्ही वेळा एका मिलिमीटरचा फरक नाही. सिस्टर नव्या डॉक्टरांना सांगायच्या, डोक्याचं माप ताईंनी घेतलं असेल तर पुन्हा घेऊ नका, बाळाला उगाच त्रास.

माणसं त्यांच्यावर खूश असायची. एक जाडजूड गृहस्थ दर महिन्याला वजनाआधी खिशातल्या किल्ल्या, रुमाल, पाकीट काढून टेबलावर ठेवायचे, आणि शेवटी चष्माही. ताई गंभीर चेहऱ्यानं सगळं सांभाळून ठेवायच्या आणि म्हणायच्या, दात स्वतःचेच आहेत ना? एका आजोबांचा रक्तदाब बायको खोलीत असली की हमखास वीसने चढायचा. ताई आजींना पाणी आणायला बाहेर धाडायच्या आणि मग पट्टा बांधायच्या. मंगळवार आणि शुक्रवार लहान मुलांचे. त्या दिवशी व्हरांडा नुसता रडण्याने भरलेला असायचा, आणि डावीकडच्या खोलीत गेलेलं बाळ मात्र बहुतेकदा गप्प होऊन बाहेर यायचं. बाळाला काट्यावर ठेवायच्या आधी ताई स्वतःचे तळवे घासून गरम करायच्या आणि अंथरलेल्या कागदावर दोन मिनिटं ठेवायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांची लेक एका छापखान्यात मजकूर तपासायचं काम करायची. जावई सामान पोचवायची गाडी चालवायचा, अबोल, सरळ माणूस. लग्नाला नऊ वर्षं झालेली. मधे दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली. त्या दिवशी ताई कामावर आल्या आणि माझ्या खिडकीत एक पेढ्यांचा पुडा ठेवून आत गेल्या. फळीवरून मला त्यांचं नाक ओढणं ऐकू आलं. नात अगदी गोल चेहऱ्याची, बाहुलीसारखी, म्हणून तिला ठकी म्हणायला लागले. कागदावरचं नाव वेगळं होतं, पण मला सुद्धा तेवढंच आठवतं.

लेकीला मोठ्या दवाखान्यात जाता आलं असतं. पण तिला आईच्या दवाखान्यातच यायचं होतं. सिस्टर ठकीची मापं स्वतः घ्यायच्या. ताई शेजारी उभ्या राहून फक्त बाळाचे पाय धरायच्या. जन्मताना डोकं तेहतीस पूर्णांक सहा. दीड महिन्याला पस्तीस पूर्णांक आठ. तिसऱ्या महिन्यात सदतीस. आलेखाच्या कागदावर सिस्टरांनी ठिपका काढला, तो सगळ्यांत खालच्या रेषेच्या जरा खाली पडला. सिस्टर म्हणाल्या, वजन छान आहे, डोकं जरा मागे आहे, दीड महिन्याने पुन्हा बघू, घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं कारण नाही म्हटलं की माणूस किती घाबरतं, हे वेगळं सांगायला नको. लेकीची झोप उडाली. ती घरी एका सुतळीने ठकीचं डोकं मोजायची, सुतळीवर पेनाने खूण करायची, आणि दुसऱ्या दिवशी खूण जुळवून बघायची. रोज. जावयाने सुतळी लपवली तर तिने बुटाची नाडी घेतली. ताई दर रविवारी जायच्या तेव्हा लेक दारातच विचारायची, मोठं दिसतंय ना गं? ताई म्हणायच्या, मुलं काय दोडक्यासारखी रात्रीत वाढतात का. पण पाच वर्षांत त्यांनी हजारभर डोकी मोजली होती. डोळ्यांनी दिसत होतं ते त्या स्वतःला सांगत नव्हत्या.

दीड महिना संपला तो शुक्रवार. व्हरांडा भरलेला. लेक ठकीला घेऊन आत गेली तेव्हा सिस्टर तिथेच होत्या. त्यांनी हात धुतले, टेप घेतली, आणि तेवढ्यात उजव्या खोलीतून डॉक्टरांची हाक आली. इंजेक्शन घेतलेला एक माणूस बाकावरून खाली पडला होता. जाता जाता सिस्टर म्हणाल्या, “थांबा, मी येते.” पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. इकडे बाहेर आया माझ्या खिडकीवर यायला लागल्या. मी फळीवरून दोनदा विचारलं, ताई, किती वेळ? आज मला वाटतं, तेवढं विचारलं नसतं तर बरं झालं असतं. ठकी भुकेने रडत होती. लेक म्हणाली, “आई, तूच घे ना. सगळ्यांचं तूच तर घेतेस.”

ताईंनी घेतलं. भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून. सदतीस पूर्णांक दोन. पुन्हा घेतलं. सदतीस पूर्णांक दोन. लेक त्यांच्या तोंडाकडे बघत होती. दीड महिना न झोपलेले डोळे, खाली काळी वर्तुळं, आणि हातात ती बुटाची नाडी, खुणांनी भरलेली. तिसऱ्यांदा सदतीस पूर्णांक एक. ताई मला म्हणाल्या होत्या, “मी काही ठरवलं नाही हो. चौथ्यांदा टेप लावली आणि मागच्या बाजूला माझं बोट टेपखाली राहिलं. मला कळत होतं की राहिलंय. मी ते काढलं नाही.”

अडतीस पूर्णांक चार.

लेकीने आकडा ऐकला आणि मटकन खाली स्टुलावर बसली. मग ठकीच्या डोक्याचे इतके मुके घेतले की पोर रडायची थांबून बघायलाच लागली. ती बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, दादा, वाढलं. ओळखदेख फारशी नसताना मला म्हणाली. मीही म्हटलं, वाढणारच.

सिस्टर परत आल्या तेव्हा कागद भरलेला होता. तुम्हीच घेतलं? रांग वाढली होती, ताई म्हणाल्या. सिस्टरांना ते आवडलं नाही. पुढच्या वेळी रांग गेली खड्ड्यात, थांबायचं, असं त्यांनी बजावलं. मग ठिपका काढला, तो रेषेवर चांगला चढलेला दिसला, आणि त्यांचाही चेहरा सैलावला. “तुमचं माप आहे म्हणजे प्रश्नच नाही,” असं म्हणून त्यांनी कागद बंद केला. ताई मला म्हणायच्या, त्यांनी त्या वेळी मला एक थप्पड मारली असती तर मी बोलले असते. पण त्यांनी विश्वास ठेवला, आणि माझं तोंड शिवलं गेलं.

त्यानंतर अठरा दिवस गेले.

त्या अठरा दिवसांत लेकीने नाडी बुटात परत ओवली. रात्रीची झोपायला लागली. ठकीसाठी लोकरीची टोपी विणायला घेतली आणि कुठला रंग घेऊ म्हणून आईला दिवसातून तीन तीन फोन. पिवळा घेऊ का? पिवळ्यात ती काळी दिसेल का? नवऱ्याबरोबर हसून भांडली की पोरीला कुठल्या शाळेत घालायचं. ताई प्रत्येक फोन घ्यायच्या, प्रत्येक रंगावर मत द्यायच्या, आणि फोन ठेवला की मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायच्या. कामावर त्या प्रत्येक माणसाचं प्रत्येक माप तीनदा घ्यायला लागल्या. बाहेरची रांग हलेना. मी चिडवलं, ताई, आता काय माणसांना कापड समजून बेतायला घेतलंत की काय? त्या हसल्या नाहीत. मला काही कळलं नाही.

सतराव्या दिवशी संध्याकाळी लेकीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, ठकी हल्ली झोपेतून उठताना फार दचकते गं. दोन्ही हात पुढे टाकते आणि मान खाली. मग परत, मग परत, सात-आठ वेळा. आवाजाला घाबरते की काय कोण जाणे. ताईंना त्या दचकण्याचा अर्थ माहीत नव्हता. पण त्या रात्रभर बसून राहिल्या, आणि सकाळी मी कुलूप काढायला आलो तर पायरीवर.

सिस्टर आल्या. ताई त्यांच्या मागोमाग आत गेल्या. मी खिडकी उघडत होतो, आणि फळीला फट होतीच.

“सिस्टर, ठकीचा आकडा खोटा आहे,” ताई म्हणाल्या. “टेपखाली माझं बोट होतं.”

मग सिस्टरांचा तोच हळू आवाज, “खरा किती होता?”

“सदतीस पूर्णांक दोन. तीनदा घेतला.”

ताई दचकण्याबद्दलही बोलल्या. सिस्टर रागावल्या नाहीत, उसासाही नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्यांनी आधी लेकीला फोन करून बाळाला आत्ताच्या आत्ता घेऊन यायला सांगितलं, मग डॉक्टरांना. डॉक्टरांना बाळाचं दचकणं कसं ते सांगितलं, तेव्हा पलीकडून ते एवढ्या मोठ्यानं बोलले की मलाही ऐकू आलं. फोन ठेवून सिस्टर म्हणाल्या, “तिला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. आज, माझ्यासमोर.”

लेक टोपी घेऊन आली होती. पिवळीच. सिस्टरांनी टेप लावली आणि आकडा मोठ्यानं वाचला, सदतीस पूर्णांक तीन. लेक म्हणाली, चुकतंय काहीतरी, मागच्या वेळी अडतीसच्या वर होतं, डोकं कमी कसं होईल? सिस्टरांनी ताईंकडे बघितलं. आणि ताईंनी सांगितलं. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. झाला नाही. लेक ठकीला कपडे घालायला लागली. झबल्याची बटणं वरखाली लागली, तिने ती काढली, पुन्हा लावली, पुन्हा चुकली.

“म्हणजे तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि मी तुला टोपीचा रंग विचारत होते.”

लेक ठकीला खांद्यावर घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली. टोपी काट्याशेजारी तशीच राहिली, ती मी संध्याकाळी जावयाच्या हातात दिली.

पुढचं सगळं मोठ्या हॉस्पिटलात झालं. तपासण्या झाल्या, डोक्याचे फोटो निघाले. मेंदूच वाढत नव्हता, म्हणून डोकं वाढत नव्हतं. दचकणं म्हणजे झटके होते. आजार जन्माआधीपासूनचा. आमच्या डॉक्टरांनी ताईंना बसवून समजावलं, की मूळ दुखणं बरं होण्यातलं नव्हतंच. झटके नुकतेच सुरू झालेले, औषध वेळेत मिळालं. अठरा दिवसांनी फरक पडला नसता, बहुधा. ताई मान हलवून बाहेर आल्या आणि माझ्या खिडकीशी उभ्या राहिल्या. “बहुधा म्हणाले,” एवढंच बोलल्या. तो एक शब्द त्यांनी पुढे मला किती वेळा ऐकवला असेल, मोजदाद नाही. त्याच शुक्रवारी खरा आकडा लिहिला असता आणि पोरीला अठरा दिवस आधी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं असतं तर? निदान झटका म्हणजे काय हे लेकीला आधीच कुणी सांगून ठेवलं असतं. मी म्हणायचो, ताई, डॉक्टरांनी सांगितलं ना. त्या म्हणायच्या, त्यांनी बहुधा सांगितलं.

दवाखान्यात जे व्हायचं ते झालं. घडलेलं सगळं लिहून वर पाठवलं. ताईंनी राजीनामा लिहून आणला, तो सिस्टरांनी घडी करून टेबलाच्या खणात टाकला. म्हणाल्या, मी तिथं थांबायला हवं होतं किंवा तुम्हाला बाहेर काढून जायला हवं होतं, मीही त्या कागदात माझं नाव लिहिलंय. चार महिने ताईंनी कशालाही हात लावला नाही. चादरी बदलायच्या, उपकरणं पुसायची, रांग लावायची. मग पुन्हा पहिल्यापासून शिकवणी, आणि पुढचे तीन महिने त्यांचं प्रत्येक माप दुसऱ्या कुणीतरी लगेच पुन्हा घ्यायचं. पाच वर्षं ज्यांच्या मापावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, त्या ताई आकडा वाचून बाजूला सरकायच्या आणि दुसऱ्याचा आकडा येईपर्यंत भिंतीकडे बघत उभ्या राहायच्या. जाडजूड गृहस्थांनी एकदा विचारलं, ताई, आता दोघी दोघी का मोजता, मी एवढा वाढलो का? ताई म्हणाल्या, नाही, मीच कमी पडले.

लेकीने आईला घरी यायला बंदी केली नाही. पण ठकीला तिच्या हातात द्यायची नाही. ताई रविवारी जायच्या, दाराशेजारच्या खुर्चीत बसायच्या, भांडी घासून द्यायच्या, कपडे वाळत घालायच्या, आणि यायच्या. लेक बोलायची ती कामापुरतं. साखर संपलीये. दूध तापव. ठकी मान धरायला शिकली नाही, बसली नाही. दिसत होतं का तिला, हेही नक्की कुणी सांगू शकलं नाही. जावई रोज दुपारी गाडी कुठंतरी बाजूला उभी करून सासूला फोन करायचा. आज एकदाच झटका आला. आज दूध नीट प्यायली. आज हसल्यासारखं केलं, पण मला नक्की माहीत नाही. दोन-तीन वाक्यं. बायकोला ठाऊक नसावं. ताई तेवढ्यासाठी एक वाजता जेवणाचा डबा बाजूला ठेवून फोन मांडीवर घेऊन बसायच्या.

एकदा ठकीला छातीच्या संसर्गासाठी हॉस्पिटलात ठेवलं होतं. लेक दोन रात्रींची जागी, तिला जावयाने अंघोळीला घरी पाठवलं. मग बाहेरच्या बाकावर ताई होत्या तिथं तो ठकीला घेऊन आला आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. पाठ करून खिडकीशी जाऊन उभा राहिला. ताई म्हणाल्या, हातात आली आणि मला कळलं, सहा किलो चारशे. काट्याची गरजच नव्हती. वर्षाच्या पोराचं ते वजन नव्हे. मी तिचे पाय चोळले, तळवे चोळले. अर्धा तास असेल. मग जावई म्हणाला, आई, ती येईल आता. मी दिली परत.

सोळाव्या महिन्यात, एका सकाळी सातच्या सुमाराला, ठकी गेली. पुन्हा छातीच भरली होती. जावयाचा फोन दुपारऐवजी सकाळी आला, तेव्हाच ताईंना कळलं. त्यांनी फोन घ्यायच्या आधी चप्पल घातली.

त्यानंतर लेकीने येऊ नकोस असं सांगितलं. रागाने नाही, थकून. मला कुणीच नको आहे, म्हणाली. ताईंनी ते पाळलं. सात महिने आई-लेकीची गाठ नाही. ताईंना मापं घ्यायची परवानगी परत मिळाली होती. कामात कुठेही खोट नव्हती. फक्त मंगळवार-शुक्रवारी डोक्याची टेप हातात घेतली की त्या स्वतःहून सिस्टरांना हाक मारायच्या, गरज नसतानाही. सिस्टर प्रत्येक वेळी यायच्या.

मग एका शनिवारी, दुपारी दोन वाजता, रांग संपलेली असताना लेक माझ्या खिडकीशी आली. मी पटकन ओळखलंच नाही. केस कापलेले, अंग वाळलेलं. तिने ठकीचा कागद बघायला मागितला. आईबापांना तो हक्क आहे, मी सिस्टरांना विचारून काढून दिला. ती तिथंच उभी राहून वाचत गेली. छापखान्यात काम करणाऱ्या माणसाचं वाचणं, एकेक ओळीवर बोट ठेवून. चौथ्या ओळीशी थांबली. तिथं अडतीस पूर्णांक चारवर एक रेघ होती, शेजारी ‘चुकीची नोंद’ असं लिहिलेलं, तारीख, आणि ताईंची सही. ताईंचं अक्षर गोल, वळणदार. सही मात्र कुणा दुसऱ्याचीच वाटावी इतकी वेडीवाकडी.

ताई हात पुसत बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. मी उठून जायला हवं होतं, पण माझी वाट त्या दोघींच्या मधून होती. मी फायलींत डोकं घातलं.

लेक कागदावरची नजर न काढता बोलली. “त्या अठरा दिवसांवरून तुझ्यावर चिडायला बसते मी. रोज बसते. आणि मग आठवतं, तिच्याकडे बघताना मी घाबरले नव्हते असे तेवढेच दिवस होते. मग राग नीट येत नाही. आणि नाही आला की माझी मलाच लाज वाटते, की मी तिची आई आणि मला ते दिवस हवेसे वाटतात.”

मला वाटलं, ताई आता माफी मागतील. त्यांनी विचारलं, “जेवलीस का?”

“नाही.”

ताईंनी आतून डबा आणला. दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या, मधे डबा. लेकीने चार घास खाल्ले, मग आणखी दोन. मधेच ती रडायला लागली, आवाज न करता, घास तोंडात तसाच. ताईंचा हात उठला आणि तिच्या पाठीपर्यंत जाऊन थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. लेक पाणी प्यायली. तिने कागद मला परत दिला, थँक्यू दादा म्हणाली, आणि गेली.

तेव्हापासून ती महिन्या-दीड महिन्याने येते. कधी शनिवारी, कधी मधेच. आईच्या घरी जात नाही, दवाखान्यातच येते, रांग संपल्यावर. दोघी बाकावर जेवतात. बोलणं फार नसतं. छापखान्यात नवं यंत्र आलंय, जावयाच्या पाठीचं दुखणं, तुझा चष्मा बदल. ठकीचा विषय निघालेला मी ऐकला नाही, आणि आता मी ऐकायला बसतही नाही, चहाला बाहेर जातो. एकदा ताईंना मी विचारलं, की ती तुम्हाला काही म्हणाली का, म्हणजे तुम्हाला माफ वगैरे. ताई काटा पुसत होत्या. म्हणाल्या, नाही. मी विचारलं नाही. तिला खोटं बोलावं लागेल असं काही मला तिला विचारायचं नाहीये.

मागच्या महिन्यात ती आलीच नाही. ताईंनी शेवटच्या शनिवारी डबा जास्तीचा आणला होता. तीन वाजेपर्यंत त्या बाकावर बसल्या, मग उठून मला म्हणाल्या, खाता का थोडं, वाया जाईल. मी घेतलं. भात गार झाला होता.